तेलाच्या कॅनचा दिवा

बीड, २ नोव्हेंबर

ती. आक्कास,
सोमेश्वरचा साष्टांग नमस्कार.

तक्रारीचं कारण असं, की गेले आठ दिवस मी मोरीत अंधारात आंघोळ करतो आहे. कोर्टात ज्याच्या सहीशिवाय फाईल हलत नाही, त्या माणसाला स्वतःच्या घरात साबण चाचपडत शोधावा लागतो. काल कपड्याची वडी तोंडाला लावली. तोंड अजून कडक आहे, आणि ऑफिसात सगळ्यांना वाटलं साहेब आज रागात आहेत. तेवढाच फायदा.

मोरीतला बल्ब माशांच्या डोक्यावर गेला आहे. आमचा प्रविण नोकरीसाठी पुण्याला गेला, जाताना आपली माशांची टाकी आमच्या गळ्यात टाकून गेला, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टाकीवरचा दिवा बंद पडला. सुनितानं निकाल दिला: मोरीत माणूस दहा मिनिटं असतो, टाकीत मासे दिवसभर असतात. बल्ब टाकीला. वर अपील नाही, कारण वरचं कोर्टही तीच.

नवा दिवा आणायला बाजारात गेलो. दुकानदारानं कपाटातून एक वीतभर पट्टी अशी काढली, जशी सराफ नथ काढतो. किंमत ऐकून मी विचारलं, ह्यात मासेपण येतात का? तो म्हणाला, 'सर, इंपोर्टेड आहे.' म्हटलं, आमचे मासे बीडचे आहेत, त्यांना सवय नाही. आणि परत आलो. आता येत्या रविवारी मी स्वतःच दिवा बनवणार आहे. आख्खी कृती डोक्यात तयार आहे.

साडीबरोबर ओवाळणीत दिलेल्या जुन्या लहान टाकीचं तू काय केलंस? तीत ज्वारी भरली असशील तर तसं लिही, मला दुःख होणार नाही. फोन करू नकोस. फोनवर तू 'सगळं बरं हाय' म्हणतेस आणि ठेवून देतेस. नानांच्या वेळेपासून आपल्या घरात खरं काय ते कागदावरच येतं.

तुझा,
सोमा

•

शिरूर कासार, १० नोव्हेंबर

चि. सोमास अनेक आशीर्वाद.

तुझी तकरार वाचली. लहानपणी चकलांब्याला विहिरीवर पहाटं अंधारातच आंघोळ करायचास, तवा तर साबण बी न्हवता. आता साहेब झालास म्हणून तोंडाला उजेड लागतो.

टाकीत ज्वारी न्हाई भरली. शेजारच्या रामहरीची आरोही मासे पाळायचे म्हणून लई दिवस मागं लागलती, तिला दिली. हिवतापवाल्यांनी गावच्या हौदात डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडलेत, त्यातले सहा तिनं ओढणीनं धरून आणले. एकेकाला नावं ठेवलीत. एकाचं नाव तर तहसीलदार हाय, कावून तर तो नुसता पोट घेऊन फिरतो.

आता तिचे आईबाप ऊस तोडाया कोयत्यावर गेले, ती बी गेली. घरी ठेवायला कुणी न्हाई. निघायच्या दिवशी ट्रॅक्टर उभा, समदे वर बसलेले, आणि ही टाकी पोटाशी धरून मपल्या दारात. म्हणली, 'आजी, गुढीपाडव्याला मी येस्तोवर एकबी मरू देऊ नको. मेला तर मी तुला बोलणार न्हाई.' ह्या पोरीला मी अंगणवाडीत बाराखडी शिकवली, आन ती मला धमकी देऊन गेली. मी शब्द दिलाय.

दरसाल गल्लीतल्या घरांच्या चाव्या, कोंबड्या, तुळशी मपल्याकडंच असतेत. मासे ह्याच साली. बाहेर मांजर हाय म्हणून टाकी आतल्या खोलीत ठेवली, तर तिथं उजेड न्हाई. मासे नीट दिसत न्हाईत. तुपली आख्खी कृती डोक्यात हाय म्हणतोस, ती कागदावर उतर. आन जरा मोठं अक्षर काढ. मुंग्यांची रांग लावल्यावाणी लिहितोस. शाई महाग झाली का?

लहानपणी कंदिलाची काच पुसायची पाळी तुपली आली की तुपलं पोट दुखायचं. चिंचोक्यात हरलास ती पाळी अजून बाकी हाय. इसरले न्हाई मी.

तुपली,
आक्का

•

बीड, १७ नोव्हेंबर

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

माझ्या अक्षराबद्दल आजवर तीन न्यायाधीशांनी चांगलं लिहून दिलं आहे. तरी तुझ्या आज्ञेवरून हे पत्र पाटीवर लिहावं तसं लिहितो आहे. पोस्टाचं वजन वाढलं तर तू जबाबदार.

चिंचोक्यांचं प्रकरण चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. ते मुदतबाह्य झालं. शिवाय तेव्हा माझं पोट खरंच दुखत होतं.

आता कृती. चार इंची प्लास्टिकच्या पाइपाचा टाकीएवढा तुकडा घ्यायचा आणि उभा चिरायचा, म्हणजे पन्हळ होते. पन्हळीच्या आतून वेफर्सच्या पुड्यांची चंदेरी बाजू चिकटवायची. ह्या पुड्या गावात कुठंही मिळतील, आपल्याकडे रस्ता नसेल पण वेफर्स असतात. मधे भोक पाडून होल्डर बसवायचा, त्यात नऊ वॅटचा पांढरा एलईडी. पिवळा नको, पिवळ्या उजेडात मासे शिळे दिसतात. टाकीवर आधी काच ठेवायची, मग त्यावर ही पन्हळ पालथी. काच नसली तर पाण्याचे शिंतोडे होल्डरमध्ये जातात, आणि मग माशांच्या आधी आपण. वायर बटणाकडे नेताना मधे खाली झोका दे, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोक्यातून खाली टपकेल, बोर्डात शिरणार नाही. हे सगळं बटण बंद ठेवून करायचं, हे सांगायला नको. तरी सांगितलं.

दिवा दिवसातून सात-आठ तास. जास्त लावलास तर शेवाळ येतं, पाणी हिरवं होतं. माशांनाही रात्र लागते.

सगळा खर्च एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी. माझा दिवा ह्या रविवारी होईल. गेल्या रविवारी पाहुणे आले होते.

तहसीलदारांना नमस्कार.

तुझा,
सोमा

•

शिरूर कासार, १ डिसेंबर

चि. सोमास आशीर्वाद.

दिवा झाला. पाइप कुठला धुंडाळू? पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन होता, तो उभा चिरला. राखेनं घासून तेलकटपणा काढला, आतून चंदेरी पुड्या लावल्या. पुड्यांसाठी भिवराबाईच्या नातवाला म्हणलं, खा बाबा, चार दिवस खा. भिवराबाई मपल्यावर खवळली. कॅनची मूठ कापली न्हाई, तशीच ठेवली. दिवा उचलायला बरी पडते, कंदिलावाणी.

संध्याकाळी बटण दाबलं तवा खोली कशी झाली सांगू? नाना चकलांब्याला एसटीतून उतरायचे आन आपण ओट्यावर कंदील घेऊन बसायचो, तसं वाटलं. कंदील लावला की तू आधी सावलीचा कुत्रा करायचास भिंतीवर. मी बी एकटीनं काल करून बघितला. कान जमले न्हाईत.

पण सोमा, उजेड कमीच पडतो. मासे धुराड्यातून पोहल्यावाणी दिसतेत. बल्बाकडं बघितलं तर त्याला खळं पडतं, पावसाळ्यात चंद्राला पडतं तसं. आन मासे मोजले तर नऊ भरले. सहा ठेवून गेलती ती. कुठून आले?

मोठा बल्ब लावू का?

आक्का

•

बीड, ९ डिसेंबर

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या तेलाच्या कॅनला पेटंट मिळायला हवं. मी पत्र सुनिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आक्कांनी केला, तुमचा कुठाय? मी विषय बदलला.

तुझ्या तिन्ही शंका सोप्या आहेत. खळं पडतं म्हणजे पुड्या सुरकुतल्या, उजेड वेडावाकडा फेकला जातोय. धूर दिसतो म्हणजे वरच्या काचेवर वाफ धरते, ती रोज पुसत जा. आणि सहाचे नऊ झाले म्हणजे पिल्लं झाली. गप्पी माशांच्या घरात ह्याहून वेगळं काही घडतच नाही. तहसीलदाराचं पोट नीट बघ, ते तहसीलदारीणबाई असणार.

बल्ब मोठा नको. प्रविणच्या कपाटात एलईडीची चिकटपट्टी आणि जुन्या सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर सापडला. मी दोन्ही जोडून, पेटवून बघितलं. दुपारच्या शिरूर गाडीच्या त्रिंबक कंडक्टरजवळ पुडकं देतो आहे. कॅनच्या आत बल्बाच्या दोन्ही अंगांना पट्टी चिकटव. मग तुला माशांच्या मिशासुद्धा दिसतील. मिशा नसल्या तरी दिसतील.

तुझ्या सावलीच्या कुत्र्याची गोष्ट वाचून मीही इकडे करून बघितला. माझे कान जमले. पण बघायला कुणी नव्हतं, सुनिता मोरीत ठेचकाळत होती.

तुझा,
सोमा

•

शिरूर कासार, २८ डिसेंबर

सोमा,

पट्टी लावली. आता बरं दिसतं. सकाळी उठल्याबरोबर लावते ती झोपायला जाईस्तोवर चालू ठेवते. उजेड हाय तर बरं वाटतं.

पाणी काचेवाणी हाय.

थंडी लई हाय. संध्याकाळचं देवळात जाणं बंद केलंय. पोथी बी मंगळवारी लावत न्हाई आता, घसा बसतो. बाकी सगळं बरं हाय.

आक्का

•

बीड, ११ जानेवारी

आक्का,

काल दुपारी ऑफिसात फोन वाजला. मागे ट्रॅक्टर, त्यावर ढणाढणा गाणी, आणि मधून एक बारीक आवाज: 'बीडवाले आबा का?' म्हटलं, हो, तू कोण? म्हणाली, 'मी आरोही रामहरी. तुमी मंगलआजीला दिवा दिला का?' म्हटलं, दिला. 'लई मोठा दिला का?' म्हटलं, बऱ्यापैकी. 'मग आजीला पाणी दिसत कावून न्हाई?'

मी वही बाजूला ठेवली.

ती दर रविवारी बापाच्या फोनवरून तुला व्हिडिओ लावते हे तू मला कळवलं नाहीस. गेल्या रविवारी तू बराच वेळ तिला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवत होतीस आणि म्हणत होतीस, बघ कसे पळतेत. मग तिनं, 'आजी, डावीकडं, डावीकडं,' करत फोन टाकीकडे न्यायला लावला. तिच्या शब्दांत सांगतो: 'आबा, टाकीत पालकाची भाजी हाय. मी म्हणलं आजी पाणी हिरवं झालं. आजी म्हणली, काचेवाणी हाय, तुपल्या फोनमधी खराबी हाय.' मग तिला रडू आलं आणि गाणी तेवढी ऐकू येत राहिली.

आक्का, धूर दिसत होता तो वरच्या काचेवर नव्हता. खळं पुड्यांमुळं पडलं नव्हतं. सहाचे नऊ झाले तेव्हा मी बाळंतविडा काढायच्या तयारीत होतो. तू देवळात जाणं सोडलंस, पोथी सोडलीस, माझं अक्षर मुंगीसारखं दिसायला लागलं, आणि मी काय केलं? वॅट वाढवले. आमच्या कोर्टात साक्षीदार एवढं बोलला तर दाराबाहेरचा शिपाईसुद्धा समजतो.

आणखी एक पट्टी पाठवू का? दोन पाठवू? किती उजेड केला म्हणजे तुला दिसेल ते एकदा लिही.

मी थट्टा करत नाही. अक्षर बोटाएवढं काढलं आहे.

सोमा

•

शिरूर कासार, १९ जानेवारी

चि. सोमास,

हो. दिसत न्हाई. झालं समाधान?

डाव्यानं पावसाळ्यापासून, उजव्यानं दसऱ्यापासून. मोतीबिंदू हाय, ते मला बी कळतं. अंगणवाडीत तीस साल लोकांच्या डोळ्यांचे कॅम्प मीच भरवले. रांगा मीच लावल्या.

कुणाला सांगू? योगिताला सांगितलं तर नाशिकहून गाडी करून येईल, आन म्हणेल, 'आई, आता एकटीनं राहायचं न्हाई.' दाराला कुलूप. मग मपल्या दाराची चावी कुणाकडं ठेवू? खुंटीला गल्लीतल्या समद्या चाव्या हायत. जाताना हरेकीनं आपापल्या लुगड्याची चिंधी बांधलीय, म्हणजे चुकू नये. काठाची हाय ती भिवराबाईच्या सुनेची. जरीची हाताला टोचते ती वरच्या घरची. रामहरीची खाकी, त्याच्या जुन्या विजारीची. मला डोळ्यानं न्हाई दिसत, पण हाताला बराबर कळतेत. चूल हाताला कळते, पीठ कळतं, रस्ता पायाला कळतो.

मासे तेवढे हाताला कळत न्हाईत रे.

पाणी हिरवं झालेलं मला खरंच कळलं न्हाई. ती रडली, आन मी तिला म्हणलं तुपला फोन खराब हाय. लेकराला खोटं पाडलं. पाडव्याला ती ट्रॅक्टरमधून उतरून आधी मपल्या दारात येईल. काय तोंड दाखवू तिला?

मनकर्णाकाकूचा डोळा ऑपरेशन करून गेला, ते तुलाबी ठाऊक हाय. मला भ्या वाटतं. लिहिलं, आता फाडून टाक.

तू एकदा ये आन मासे जित्ते हायत का तेवढं बघून जा. सहा भरतेत का बघ. बाकी काय मागत न्हाई.

आक्का

•

बीड, २५ जानेवारी

ती. आक्कास,

फक्त मासे बघून जायला मी रजा काढत नाही. महिन्याची काढली आहे. साहेबांनी विचारलं, कारण? मी लिहिलं, कौटुंबिक. कंसात मासे लिहिणार होतो.

मनकर्णाकाकूबद्दल तू नेहमी अर्धीच गोष्ट सांगतेस. पट्टी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी ती धुराच्या चुलीपुढे बसून सोयाबीनच्या सुगीवाल्यांच्या भाकरी थापत होती, आणि थेंबांची बाटली तिनं शेळीच्या डोळ्यात घातली. शेळीला अजून चांगलं दिसतं. आमच्याकडे चूल नाही आणि शेळीही नाही. सुनिता आहे, तिच्यापुढे तुझं काही चालणार नाही. तिनं डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली.

तेव्हा असं: मी रविवारी दुपारच्या गाडीनं येतो. त्याच गाडीनं तू बीडला निघायचं, त्रिंबक तुला उतरवून देईल आणि सुनिता स्टँडवर असेल. मी तुझ्या घरी राहीन. चाव्या, कोंबड्या, तुळशी, तहसीलदार, सगळ्यांचा ताबा माझ्याकडे. घराला कुलूप लागणार नाही. योगिताला पट्टी सुटेपर्यंत काही कळवायचं नाही. मग तू स्वतःच्या हातानं, बारीक अक्षरात पत्र लिही, म्हणजे तिला आपोआप कळेल.

येताना काही आणू नकोस. डोळे तेवढे आण.

तुझा,
सोमा

•

बीड, १२ फेब्रुवारी

चि. सोमास अनेक आशीर्वाद.

हे बघ, ओळी सरळ आल्यात का? आन अक्षर बघ. आता मुंग्या मपल्या.

उजवा झाला. दुखलं न्हाई, नुसता गार पाण्याचा ओघळ आल्यावाणी झालं. डावा पाडव्याच्या आधी. पट्टी काढली तवा पयले डॉक्टरीणबाईचं कुंकू दिसलं. एवढं लाल असतं हे मी इसरलेच होते. मग सुनिताला बघितलं आन म्हणलं, अगं बाई, तुपले केस कधी पिकले? ती म्हणली, 'आक्का, चार वर्षं झाली.' मग दोघी लई हासलो. घरी येऊन आरशात बघितलं तर मागं वळले, म्हणलं आपली आई आली का काय.

तुझ्या घराच्या भिंती किती कळकट झाल्यात रे. पंख्यावर धुरळा हाय. सुनिताला म्हणू नको, तिला आधीच सांगितलं मी.

आन मोरीत अजून अंधार! दर रविवारी दिवा करणार होतास तो रविवार बीडला येत न्हाई वाटतं. मला काळा चष्मा, वाकायची बंदी, त्यात मोरी आंधळी. काल सुनितानं तेलाचा कॅन धरला, मी बसल्या बसल्या चिरला. पुड्या तिनं लावल्या. तुझ्या माशांच्या डोक्यावर तो बसवला, आन मोरीतला बल्ब मोरीत गेला. आता घरी आलास की तोंडाला साबणच लाव.

योगिताला काल पत्र टाकलं. रागावली तर रागावू दे, वाचून रागावेल. मी लिहिलंय की चष्मा लागंल पण कुलूप लागणार न्हाई.

आता खरं सांग. फोनवर विचारलं की तू नुसतं 'सगळं बरं आहे' म्हणतोस. मपलीच सवय मला दाखवतोस का? मासे जित्ते हायत का? कागदावर लिही.

आक्का

•

शिरूर कासार, १८ फेब्रुवारी

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

कागदावर लिहितो. मासे जिवंत आहेत. सहाच्या सहा. हिरव्या पाण्यानं त्यांचं काही बिघडलं नव्हतं, उलट शेवाळ खाऊन माजले होते. आल्या आल्या टाकीवर गोणपाट टाकलं आणि चार दिवस अंधार केला. रोज तांब्या-तांब्यानं थोडं पाणी काढून हौदातलं घातलं. आता दिवा फक्त दिवेलागणीला लावतो आणि जेवण झालं की बंद करतो. पट्टी काढून ठेवली, तुझा नऊ वॅट पुरतो.

तू सहाचे नऊ मोजले होतेस ते डोळ्यांमुळं, हे मान्य. पण काल सकाळी पाणी निवळलं, तेव्हा पाण्यातल्या झाडाच्या पाल्यामागे काही हललं. नखाएवढी पिल्लं आहेत, मोजायला थांबत नाहीत. तहसीलदार बाईच निघाली. ह्या सगळ्या प्रकरणात माझा एवढा एकच अंदाज बरोबर ठरला, त्याची नोंद व्हावी.

रविवारी आरोहीला टाकी दाखवली. तिनं फोनवरूनच सहाही मासे दोनदा मोजले. मग म्हणाली, 'आबा, आजीला सांगा, मी तिला बोलते.' पिल्लांची नावं ती आल्यावरच ठेवणार आहे, तोवर कुणी काही हाक मारायची नाही, असं बजावलं आहे.

चाव्यांचं मात्र कठीण आहे. वरच्या घरचा म्हातारा परवा कणगीतलं धान्य न्यायला आला. मी भर दुपारी, दोन्ही डोळ्यांनी बघून, त्याला भिवराबाईच्या सुनेची चावी दिली. तो लावत बसला आणि मी त्यालाच म्हणत बसलो, कुलूप गंजलं असेल. शेवटी डोळे मिटले आणि चिंध्या चाचपल्या. जर टोचली.

गल्लीत सगळी दारं बंद आहेत. दिवेलागणीला माणसाचा आवाज म्हणून नसतो. मी तेलाच्या कॅनचं बटण दाबतो आणि ती मूठ भिंतीवर मोठी होऊन पडते. थेट नानांच्या कंदिलाची कडी. मग मी उगाच दाराकडे बघतो. एसटी वेळेवर आली असती तर नाना आतापर्यंत नाल्याच्या वळणावर आले असते, आई म्हणाली असती वात बारीक करा, रॉकेल संपेल, आणि तू राख लागलेली बोटं परकराला पुसली असतीस. मला वाटायचं, कंदील आपोआपच लख्ख असतो. कुत्रा रोज करतो. कान छान येतात. तू आल्यावर दाखवीन.

घाई करू नकोस. डाव्याचं झाल्यावरच ये. रजा वाढवली आहे.

आणखी एक राहिलं. टाकीच्या काचेला आतून हिरवा थर बसला होता. आज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, काच पुसून घेतली. टाकी लहान, माझा हात आता जेमतेम आत जातो. राख वापरली नाही, आत मासे आहेत. आतून ओलं फडकं, बाहेरून आधी ओलं, मग कोरडं, मग वर्तमानपत्राचा बोळा. वरून खाली, मधे न थांबता, नाहीतर पट्टा उमटतो. तू अशीच पुसायचीस. मी पोट धरून बघत असायचो, म्हणून लक्षात आहे.

काच स्वच्छ आहे. पाळी माझी होती.

तुझा,
सोमा